उतरावे कोठे?

आमच्या महाविद्यालयातील एक माजी विद्यार्थी सध्या डब्लिनला नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याने सहकुटुंब किल्केनी पाहायला जायचे ठरवले आणि जाण्याआधीचे दोन आठवडे तो एकाच विवंचनेत होता : उतरायचे कुठे? किल्ल्याजवळच्या महागड्या हॉटेलात, नदीपलीकडच्या एखाद्या घरगुती निवासात, की गावाबाहेर, जिथे गाडी लावायला जागा मिळते तिथे? ही सारी चर्चा त्याने मला फोनवरून साग्रसंगीत ऐकवली. शेवटी म्हणाला, ‘‘सर, दसऱ्याच्या सुमारास मी नागपूरला येतो आहे. बरोबर एक आयरिश सहकारी असेल. त्याला जुने नागपूर पाहायचे आहे. त्याला कुठे उतरवू?’’

मी राहतो कळमन्याला. कळमना म्हणजे बाजार : संत्री, मिरची, धान्य, आणि रात्रभर येणाऱ्या मालमोटारी. पर्यटनाच्या पुस्तकात या वस्तीचे नाव येण्याचे कारण नाही. त्यामुळे ‘‘सीताबर्डीवर बघ, तिथून सगळे जवळ पडते,’’ असे मोघम उत्तर देऊन मी फोन ठेवला. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. ऐतिहासिक शहर पाहायला जाणाऱ्याने कुठे राहावे, हा प्रश्न आज आपण पैसा, सोय आणि अंतर या तीन मापांनी सोडवतो. या शहरांच्या इतिहासात तो बहुतेक काळ वेगळ्याच मापाने सोडवला जात असे. प्रवाशाने कुठे राहायचे हे प्रवासी ठरवत नसे. तो कोण आहे यावरून ते ठरत असे.

किल्केनीचेच उदाहरण घेऊ. नोर नदीकाठचे हे शहर मध्ययुगात एक नव्हतेच. एक हायटाऊन, नॉर्मन सरदारांच्या किल्ल्याच्या आश्रयाने वाढलेले. आणि ब्रेगा नावाच्या छोट्या नदीपलीकडे, सेंट कॅनिसच्या मंदिराभोवती, दुसरे आयरिशटाऊन. दोन्हींचा कारभार कित्येक शतके वेगळा चालला. याच शहरात इ. स. १३६६ मध्ये भरलेल्या संसदेने जे कायदे केले ते ‘किल्केनीचे कायदे’ म्हणून इतिहासात कुप्रसिद्ध आहेत. आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या इंग्रजांनी आयरिशांशी सोयरीक करू नये, त्यांची भाषा बोलू नये, त्यांच्याकडे मुले सांभाळायला देऊ नयेत, आणि आयरिश गवई, वादक, कथेकरी यांना आपल्याकडे थारा देऊ नये, असे त्यांत होते. हे शेवटचे कलम मला सर्वांत बोलके वाटते. ज्या देशाच्या जुन्या कायद्यात येईल त्याला अन्न आणि आसरा देणे हे काही प्रतिष्ठित गृहस्थांचे कर्तव्यच मानले होते, त्या देशात थारा देणे हा गुन्हा ठरला. अर्थात कायदा करावा लागला, यावरून लोक थारा देत होते हेही उघड आहे.

‘थारा’ हा शब्द लिहिताना जाणवले की या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे. मुक्काम, बिऱ्हाड, पथारी, डेरा, आसरा, ओसरी, पडवी. आपण गाडीतून उतरतो आणि लॉजमध्येही उतरतो. म्हणून प्रवासी तो उतारू. ‘वस्ती’ तर विलक्षण शब्द. रात्रीपुरते राहणे म्हणजे वस्ती करणे, आणि माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात तीही वस्तीच. वसंत मून यांनी नागपुरातल्या आपल्या बालपणाच्या पुस्तकाला ‘वस्ती’ हे एवढेच नाव दिले, तेव्हा या दोन अर्थांमधले अंतर त्यांना ठाऊक असणारच. काहींची वस्ती जन्मतःच ठरलेली असते. तिच्याबाहेर एका रात्रीची वस्ती मिळणे मात्र दुर्घट.

मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथांनी झाला त्यांतही मुक्कामाला मोठे स्थान आहे. चक्रधर सतत फिरत राहिले, आणि त्यांच्या अनुयायांनी ते कुठे राहिले, कुठे निजले, कुठे बसले याच्या नोंदी ठेवल्या. अवस्थान, वसती, आसन असे मुक्कामाचे प्रकार पाडले. ‘स्थानपोथी’ हा तर केवळ अशा जागांचाच ग्रंथ : कोणते देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, स्वामी कोणत्या बाजूला. वर्गात हे शिकवताना विद्यार्थी कंटाळतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण एका फिरत्या माणसाचे चरित्र त्याच्या उतरण्याच्या जागांवरून लिहिता येते, ही कल्पना मला आजही नवी वाटते.

यानंतर काही शतके ओलांडून विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’कडे यावे. १८५७ साली वरसईहून हे भिक्षुक उत्तरेकडे निघाले ते कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळवायला, आणि सापडले बंडाच्या धुमाळीत. झाशीच्या वेढ्यात त्यांनी जे पाहिले ते सर्वश्रुत आहे. माझे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. एवढ्या दंग्याधोप्यात, परमुलखात, खिशात पैसा नसताना या माणसाला राहायला जागा मिळत जाते. कुणा आश्रिताचे घर, देवालय, धर्मशाळा, ओळखीतल्या ओळखीने निघालेला स्वजातीय. हाल झाले, लूट झाली, जिवावर बेतले. पण ‘तू इथे पाय ठेवू नकोस’ असे त्यांच्या जातीला कोणी म्हटले नाही. प्रवासवर्णनांच्या इतिहासात आपण हे सहसा नोंदवत नाही. हिंडण्याची हौस आणि हिंडण्याची मुभा यांत फरक आहे.

ही मुभा धर्मशाळांनी सर्वांना दिली असती असे त्यांच्या नावावरून वाटावे. पण धर्मशाळा बहुधा कुणाच्या तरी असत. पुण्यासाठी बांधणारा सावकार जातीचा विचार करूनच पुण्य जोडी. पंढरपुरात चोखोबांच्या नावाने टाळ कुटणारे वारकरी एका जागी उतरत, आणि ज्या समाजात चोखोबा जन्मले त्या समाजाचे वारकरी वाळवंटात किंवा गावाबाहेर. ही विसंगती ज्याला टोचली तो आमच्या विदर्भातला, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट समाजातला माणूस. गाडगेबाबांनी १९१७ च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा उभारली. पुढे ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, जिथे परगावचे रोगी आणि त्यांचे नातेवाईक पदपथावर पडून राहत, तिथेही बाबांनी धर्मशाळा बांधली. खराटा आणि कीर्तन यांमुळे या माणसाची जी ठराविक प्रतिमा झाली आहे, तिच्यात हे काम थोडे झाकले जाते. महाराष्ट्रातला ‘उतरावे कोठे’ हा प्रश्न विटामातीने सोडवण्याचा एवढा मोठा खटाटोप दुसऱ्या कुणी केल्याचे मला आठवत नाही.

आणि १९१७ हेच वर्ष बडोद्याचेही आहे.

ती हकिकत डॉ. आंबेडकरांनी आपल्या लहानशा आठवणवजा लेखनात सांगितली आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ते त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तिकारूपाने छापले गेले. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथील शिक्षण घेऊन, संस्थानाच्या शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे नोकरी करायला ते बडोद्याला आले. परदेशात असताना अस्पृश्यतेची जाणीव पुसली गेली होती. स्थानकावर उतरताच ती परत आली, कारण पहिला प्रश्न होता : जायचे कुठे? हिंदू हॉटेलात जात विचारणार. मित्रांकडे जावे तर त्यांना अडचणीत टाकणे. शेवटी पारशी विश्रामगृहाचे नाव समजले. तिथल्या व्यवस्थापकाने सांगितले की ही जागा फक्त पारश्यांसाठी आहे. मग तडजोड झाली : वहीत पारशी नाव लिहायचे आणि राहायचे. त्यालाही गिऱ्हाईक हवेच होते.

वरच्या मजल्यावर एक लहान खोली, आणि बाकी अडगळीने भरलेला मोठा दिवाणखाना. विजेचा दिवा नाही. व्यवस्थापकाने दिलेला कंदील. संध्याकाळी कचेरीतून परतल्यावर त्या ओसाड माळ्यावर बोलायला माणूस नाही. पुस्तक वाचीत एकटेपण विसरायचे. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले. तू कोण, नाव कसे घेतलेस, जागा बाटवलीस. आठवडाभराची मुदत मागितली, मिळाली संध्याकाळपर्यंतची. दोन मित्रांकडे विचारून पाहिले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही नाही म्हटले, आणि दोघांनीही ते सभ्यपणे म्हटले. मग रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत हा पदवीधर कामाठी बागेत बसून राहिला.

या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही. पण एक गोष्ट सहसा सुटते. नाकारणारे सगळे एका प्रकारचे नव्हते. हॉटेलवाल्यांनी नाकारले असते. पारश्यांनी काठ्या आणल्या. मित्रांनी घरच्या माणसांची अडचण सांगितली. यांपैकी कोणालाही आपण शहराचा दरवाजा बंद करतो आहोत असे वाटले नसेल. प्रत्येकाने फक्त आपला दरवाजा बंद केला. बडोद्यात हजारो दरवाजे असतील, पण ते एकेकटे बंद झाले की शहर बंद होते.

पुढची काही वर्षे पाहिली तर डॉ. आंबेडकरांचे मुक्काम दोनच प्रकारचे दिसतात : एकतर आपल्या माणसांची वस्ती, नाहीतर सरकारी छप्पर. मार्च १९२७ मध्ये महाडला ते डाकबंगल्यात उतरले होते. तळ्यावरून परतणाऱ्यांवर हल्ला झाला तेव्हाही ते तिथेच होते. साहेबांच्या सोयीसाठी बांधलेले डाकबंगले अशा रीतीने वेगळ्याच कामी आले, याचीही कधीतरी इतिहासात नोंद व्हावी. १९२९ साली चाळीसगावला तिथल्या लोकांनी आग्रह केला म्हणून ते महारवाड्यात राहायला निघाले, तर टांगेवाले त्यांना घेऊन जायला तयार नाहीत. शेवटी वस्तीतल्याच एकाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. घोडा उधळला, ते दगडी फरशीवर आपटले आणि पाय मोडला. पाहुण्याला सन्मानाने न्यावे एवढाच त्या बिचाऱ्यांचा हेतू होता.

कायद्याने या प्रश्नात हळूहळू पाऊल टाकले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने यांच्याबरोबर त्यात ‘धर्मशाळा’ हा शब्द होता. महाडचा सत्याग्रह या ठरावातून निघाला, म्हणून आपल्याला पाणी लक्षात राहिले आणि धर्मशाळा विसरली गेली. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ शब्दात काय काय येते अशी विचारणा झाली. डॉ. आंबेडकरांनी तो शब्द व्यापक अर्थाने घ्यावा, पैसे घेऊन सेवा देणारे सारेच त्यात येतात, असे उत्तर दिले. उत्तर देताना त्यांना बडोदे आठवले की नाही हे सांगता येत नाही. माझ्यासारख्या वाचकाला ते आठवल्याशिवाय राहत नाही. १ जून १९५५ पासून अस्पृश्यता (गुन्हे) कायदा अमलात आला. हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना हे सारे शब्द त्यात एका ओळीत आले. मराठी-हिंदीतली मुक्कामाची शब्दसंपत्ती एकदाची दंडनीय झाली म्हणायची.

हे केवळ आपल्याकडचेच दुखणे होते असे मात्र नाही. वेस्ट इंडिजचा क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन याला १९४३ साली लंडनच्या इंपीरियल हॉटेलने ठेवून घेण्यास नकार दिला. तो कोर्टात गेला, जिंकला, आणि नुकसानभरपाई मिळाली पाच गिनी. अमेरिकेत कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ नावाची मार्गदर्शिका निघत असे. त्यात कोणते हॉटेल चांगले हे नसे. कोणते आपल्याला आत घेईल हे असे. आणि आयरिश? इंग्लंडमध्ये मजुरीला गेलेल्या आयरिशांच्या पिढीने खोल्यांच्या दारांवर आयरिश आणि कृष्णवर्णीय नकोत अशा पाट्या पाहिल्याच्या आठवणी सांगितल्या आहेत. तिथेही सार्वजनिक जागांपुरता असा भेदभाव कायद्याने बंद झाला तो १९६५ मध्ये, आपल्या कायद्यानंतर दहा वर्षांनी. घरभाड्याच्या बाबतीत तर १९६८ उजाडावे लागले.

आता नागपूर. हे शहरही एकसंध नाही. एका बाजूला बख्त बुलंद शहा आणि भोसले यांचे महाल, इतवारी; मध्ये जुम्मा तलाव; पलीकडे सीताबर्डीची टेकडी आणि तिच्या मागे साहेबांची सिव्हिल लाइन्स. १८६७ साली मुंबईहून आगगाडी आली आणि टेकडीच्या पायथ्याशी थांबली. तेव्हापासून परगावचा माणूस सीताबर्डीलाच उतरतो. डिसेंबरातल्या अधिवेशनाच्या दिवसांत सरकार नागपुरात येते आणि बऱ्या हॉटेलात खोली मिळेनाशी होते, एरवी मिळते. या शहराच्या निवासव्यवस्थेविषयी एवढेच ज्ञान पर्यटकाला पुरेसे आहे.

पण ज्याला इतिहास पाहायचा आहे त्याला आणखी एक मुक्काम सांगायला हवा. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर विमानाने नागपूरला आले. बरोबर माईसाहेब आणि नानकचंद रत्तू होते. ते उतरले सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात. सरकारी बंगल्यात नव्हे, वस्तीत नव्हे, वहीत दुसऱ्याचे नाव लिहून नव्हे. शहराच्या भर बाजारपेठेतल्या एका साध्या हॉटेलात, स्वतःच्या नावाने. १३ तारखेला तिथेच त्यांनी पत्रकारांना आपली भूमिका सांगितली. १४ च्या सकाळी तिथूनच ते दीक्षेच्या मैदानाकडे निघाले. भदंत चंद्रमणींकडून दीक्षा, मग लाखोंच्या समुदायाला दीक्षा, दुसऱ्या दिवशीचे ते दीर्घ भाषण, हे सारे आपल्याला ठाऊक आहे. बडोद्याच्या त्या संध्याकाळीनंतर एकोणचाळीस वर्षे लोटली होती. हॉटेलच्या नोंदवहीतली त्यांची सही मी पाहिलेली नाही, ती कुठे असेल असेही नाही. पण त्या सोहळ्याच्या सर्व चित्रांपेक्षा मला ती वही पाहावीशी वाटते.

आणि जे लाखो आले ते? वामनराव गोडबोले आणि त्यांचे सहकारी जी काही व्यवस्था करू शकले ती त्या लोंढ्यापुढे कितीशी पुरणार. रेल्वेने आले, बैलगाडीने आले, पायी आले. नातलगांकडे, वस्त्यांतल्या ओट्यांवर, उघड्यावर राहिले. त्यांच्यासाठी हॉटेल हा पर्याय नव्हता, आणि कारण फक्त पैसा नव्हते. आजही दसऱ्याच्या सुमारास शाळा, विहार, समाजभवने भरून जातात आणि दीक्षाभूमीच्या आसपास रात्री चादरींची रांग लागते. दोन दिवस नागपूर त्यांचे असते.

माझ्या स्वतःच्या एका मुक्कामाविषयी लिहावे की नाही, हा विचार बरेच दिवस केला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त आम्ही दोघे नवखे प्राध्यापक या शहरात खोली शोधत होतो. एक जागा दोघांनाही पसंत पडली. घरमालक अगत्यशील गृहस्थ. चहा दिला, साहित्यावर बोलले. मग आडनावे विचारली. मग मूळ गाव. दुसऱ्या दिवशी मला निरोप आला की खोली एकालाच देता येईल, आणि तो एक मी होतो. कारण सांगितले नाही. विचारण्याची गरज दोघांनाही वाटली नाही. मी ती खोली घेतली आणि तीन वर्षे तिथे राहिलो. त्या सहकाऱ्याने याविषयी मला कधी एक शब्द ऐकवला नाही. पंधराव्या अनुच्छेदावर मी वर्गात बोलतो तेव्हा ती खोली, तिची निळी खिडकी, माझ्या डोळ्यांसमोर असते.

दसऱ्याला विद्यार्थी आला, पाहुणा आला. सीताबर्डीवर खोली मिळाली नाही, हे सांगायला नकोच. दोघेही कळमन्याला आमच्याकडे राहिले. पाहुण्याला मी दीक्षाभूमी दाखवली, सीताबर्डीवरून हिंडवले, श्याम हॉटेलची गोष्ट सांगितली. किल्केनीचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला की आयरिशटाऊनमध्ये आज उत्तम खाणावळी आहेत.

दोन दिवसांनी पहाटे त्याला बाजार दाखवायला नेले. आंबिया बहाराची संत्री यायला लागली होती. अंधारातच गाड्या रिकाम्या होत होत्या, लिलावाला अजून अवकाश होता. एका ढिगाशेजारी पोत्यावर झोपलेला शेतकरी उठून तोंड धूत होता. काटोलकडचा असावा. पाहुण्याने विचारले, हे लोक रात्री उतरतात कुठे? मी तो प्रश्न मराठीत शेतकऱ्याला विचारला. ‘‘माल सोडून कुठी जाता हो मास्तर?’’ तो म्हणाला, आणि पाहुण्याच्या हातावर दोन संत्री ठेवून पोते झटकू लागला.